दाट सागवाडी, मुरमाड जमीन आणि कमी पावसाची वर्षे : विरळणीने झाडे सावरतील का?

सागवाडी_सिमरोल

नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढे, घाट सुरू होण्याच्या थोडे अलीकडे, आमची दोन एकर जमीन आहे आणि माझ्या वडिलांनी १९९९ च्या पावसाळ्यात तेथे साग लावला. अंतर दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे एकूण सुमारे दोन हजार रोपे. त्यांतली चौदाशेच्या आसपास आज उभी आहेत. बाबांना एकही झाड तोडवत नसे, त्यामुळे पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाडीला कुऱ्हाड लागलेली नाही. बाबा आता नाहीत आणि वाडीची काळजी माझ्याकडे आली आहे.

जमीन उताराची आहे. वरच्या अर्ध्या भागात हात-दीड हात खणले की मुरूम आणि त्याखाली काळा दगड लागतो. खालच्या भागात काळी माती आहे, जिला उन्हाळ्यात तळहात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. छातीच्या उंचीवर बहुतेक झाडांचा घेर ३५ ते ५० सेंटीमीटर आहे, मात्र बांधालगतच्या ओळीतील काही झाडे ८० ते ९० सेंटीमीटरपर्यंत भरली आहेत. गेल्या तीन-चार वर्षांत वरच्या भागातील साठ-सत्तर झाडांचे शेंडे वाळले, काही झाडे पूर्ण गेली, आणि पानगळ पूर्वी डिसेंबर-जानेवारीत होत असे ती आता ऑक्टोबरच्या शेवटीच सुरू होते. गेल्या पावसाळ्यात मोडून पडलेले एक वाळके झाड अजून तेथेच आहे.

विरळणी करावी, म्हणजे काही झाडे तोडून उरलेल्यांना मोकळी जागा द्यावी, असे काही जण सुचवतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात दहा कोटींहून अधिक झाडे मेली आणि जेथे जंगल आधी विरळ केले होते तेथे हानी कमी झाली, असेही मी वाचले. परंतु माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे असे की झाडे कमी केली तर ऊन थेट जमिनीवर येईल, आहे तो ओलावाही उडून जाईल आणि उरलेली झाडेही मरतील. दोन्ही बाजू मला पटतात आणि त्यामुळेच निर्णय होत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

साजा

ताई, मी मध्य प्रदेश वन विभागात तीस वर्षे नोकरी केली. त्यातील बरीच वर्षे सागाच्या रोपवनांत आणि काही वर्षे मंडला-दिंडोरीकडील साल वृक्षांच्या वनांत गेली. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपण स्वतःच लिहून ठेवले आहे, ते म्हणजे बांधालगतच्या झाडांचा घेर. माती तीच, पाऊस तोच, लागवडीचे वर्षही तेच. फरक एवढाच की त्या झाडांना एका बाजूने शेजारी नाही. आतील झाडाच्या दुप्पट घेर बांधावर दिसत असेल, तर आतील झाडे प्रकाशासाठी आणि पाण्यासाठी एकमेकांशी भांडत आहेत, हे मानायला हरकत नाही.

दोन मीटर अंतरावर लावलेल्या सागाची पहिली विरळणी साधारण पाचव्या वर्षाच्या आसपास आणि दुसरी दहाव्याच्या आसपास करण्याची रीत आहे. पहिल्या खेपेस एकाआड एक तिरपी ओळ काढतात, म्हणजे झाडे निम्मी होतात. पुढच्या खेपांना मात्र ओळ न पाहता झाड पाहून निवड करतात. चार मीटर अंतर धरले तर एकरी अडीचशे झाडे बसतात. आपल्याकडे आज एकरी सातशे आहेत.

आता भावाच्या शंकेविषयी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कमी पडत नाही. इंदूरला वर्षाला सरासरी ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उथळ जमीन त्या काळात अनेकदा काठोकाठ भरते आणि वरचे पाणी नाल्याने चोरल नदीकडे निघून जाते. झाडांची परीक्षा सुरू होते ती सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस थांबल्यावर. त्या दिवशी जमिनीत जेवढे पाणी आहे तेवढ्यावरच पुढचे दिवस काढायचे असतात. तेव्हा जमिनीवर ऊन किती पडते, याच्या आधी त्या साठ्यावर किती तोंडे पाणी पिणार आहेत, हे मोजावे लागते. पानांनी भरलेली दाट वाडी ऑक्टोबरात पानांवाटे जेवढे पाणी उडवते, त्या मानाने पाचोळ्याने झाकलेल्या मातीतून थेट उडणारे पाणी थोडे असते. आपली पानगळ दोन महिने अलीकडे सरकली आहे, याचा अर्थ साठा लवकर संपतो आहे आणि झाड पाने टाकून स्वतःला वाचवते आहे.

ही पानगळ म्हणजे मरण नव्हे, हेही लक्षात घ्यावे. पाणी तुटले की झाड आधी पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, मिटते. ती मिटली की पाणी वाचते, पण अन्न तयार होणेही थांबते, आणि असे महिनोन्महिने वर्षानुवर्षे घडले की साठवलेले अन्न आटत जाते. त्याहून कडक ताण पडला तर खोडातील जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याची ओढ तुटते. सर्वांत उंच टोकाला ती आधी तुटते, म्हणून शेंडा आधी वाळतो. अशा झाडाच्या सालीवर नखाने किंवा चाकूने हलका ओरखडा काढावा. खाली हिरवे-ओले दिसले तर तेवढा भाग जिवंत आहे. शेंडा वाळलेले प्रत्येक झाड मृत समजून त्यावर खूण करू नये.

जे झाड अशा ताणात असते त्याची कीड झेलण्याची शक्तीही कमी होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पूर्व मध्य प्रदेशात साल बोररने, म्हणजे साल वृक्षाचे खोड पोखरणाऱ्या भुंग्याने, घातलेला धुमाकूळ मी जवळून पाहिला आहे. सशक्त सालवृक्ष राळ सोडून अळ्यांना बुडवून मारतो. दुबळ्या झाडाला ते जमत नाही. हा भुंगा पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतो आणि ताज्या तोडलेल्या सालाच्या वासाने खेचला जातो, इतका की त्याला पकडण्यासाठी तशी लाकडे सापळा म्हणून ठेवत असत. सागाची कीड वेगळी आहे, पण तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. विरळणी जानेवारी-फेब्रुवारीत पूर्ण करावी आणि तोडलेले लाकूड पावसाळ्यापूर्वी वाडीबाहेर काढावे.

निवड करताना वाळलेली, दबलेली, वाकडी, दुबेळकी (दोन शेंडे फुटलेली) झाडे आधी काढावीत आणि सरळ, भरदार झाडांना मोकळीक द्यावी. लाकडाचा व्यापारी नेमके उलटे सुचवेल; ते ऐकू नये. एकाच वर्षी सातशेवरून अडीचशेवर येऊ नये. इतकी वर्षे दाटीत वाढलेली खोडे उंच आणि सडपातळ असतात, शेजाऱ्यांच्या आधाराने उभी असतात. एकदम मोकळी केली तर वादळात वाकतात. यंदा एक तृतीयांश काढावीत, तीन-चार वर्षे पाहावे, मग पुन्हा. आणि साग बुडख्यातून जोमाने फुटतो हे विसरू नये. फुटवे राखले तर दोन वर्षांत तीच तोंडे पुन्हा पाण्यावर येतात. ते पहिली दोन-तीन वर्षे पावसाळ्यानंतर खुडावे लागतात.

खासगी जमिनीवरील साग तोडण्यापूर्वी परवानगी आणि नेण्यासाठी टीपी (वाहतुकीचा परवाना) लागते, तेव्हा खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, झाडांची नोंद आहे का, हे पटवाऱ्याकडे आधी पाहावे. खासगी जमिनीवरील झाडांसाठी असलेल्या २००१ च्या लोकवानिकी कायद्याखाली व्यवस्थापन योजना मंजूर करून घेण्याचाही मार्ग आहे.

त्याआधी एक काम मात्र अवश्य करावे. ते पडलेले वाळके झाड बुंध्याजवळ आडवे कापून, काप पॉलिशपेपरने घासून त्याची वलये मोजावीत. सागाची वार्षिक वलये नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतात.

सागवाडी_सिमरोल

काका, आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपण पाचोळ्याने झाकलेल्या मातीचा उल्लेख केलात, पण आमच्या वाडीत पाचोळा राहतच नाही. वणव्याच्या भीतीने राखणदार दर मार्चमध्ये सगळा पाला झाडून, ढीग करून जाळतो. बाबांच्या वेळेपासून हीच पद्धत आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन अंगणासारखी स्वच्छ दिसते आणि आम्हाला तेच चांगले वाटत असे. याचा झाडांच्या वाळण्याशी संबंध असू शकेल का?

काळी माती

संबंध आहे, आणि बराच आहे. मी मृदाशास्त्र शिकवते. साजाकाकांनी झाडांविषयी लिहिले ते मला मान्य आहे. मी मातीच्या बाजूने थोडे लिहिते.

सागाचे पान मोठे असते. पावसाचे बारीक थेंब त्यावर एकत्र होतात आणि टोकावरून मोठे होऊन गळतात. आठ-दहा मीटर उंचीवरून पडताना असा थेंब जवळजवळ पूर्ण वेग घेतो, त्यामुळे सागाखालच्या उघड्या मातीला उघड्या माळापेक्षाही जोराचा मार बसू शकतो. मातीचे कण फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात, वर पापडी धरते आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. निव्वळ सागाच्या रोपवनांत धूप अधिक होते, असे अनेक ठिकाणी आढळले आहे. त्यामागे हे एक कारण आहे. हा मार पाचोळा झेलतो. आपण तोच दरवर्षी जाळत आलात आणि तेही पहिल्या पावसाच्या अडीच-तीन महिने आधी. वरच्या भागात आज जी हात-दीड हात माती आहे ती १९९९ मध्ये कदाचित काही बोटे अधिक असेल.

जाळण्याने आणखी एक नुकसान होते. पाल्यातील नत्राचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो. राखेत चुना, पालाश वगैरे राहतात खरे, पण पहिल्याच जोराच्या सरीत राख उतारावरून वाहून जाते. पाचोळा जमिनीवर राहिला तर उन्हाळ्यात कोरडा पडून राहतो, आणि पहिल्या पावसाने माती भिजली की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात व साठलेल्या सेंद्रिय पदार्थांतून नत्राचा लोंढा मोकळा करतात. मृग बरसल्यावर मातीला येणारा वास आणि त्यानंतर आठवड्याभरात सगळीकडे दिसणारी हिरवाई, यांच्या मागे सूक्ष्मजीवांचा हा खटाटोपही असतो. बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हा परिणाम नोंदवला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. मातीत सेंद्रिय पदार्थच नसतील तर पाऊस येऊनही झाडाच्या वाट्याला थोडेच येते. दुष्काळ लांबला की विघटन थांबते, सागाच्या मुळांशी राहणाऱ्या उपयुक्त बुरशाही मंदावतात, आणि पाणी व अन्न या दोन्ही टंचाया एकाच वेळी पडतात.

आता हिशेब पाहा. मुरमाड, उथळ जमिनीत एक मीटर खोलीमागे झाडाला उपयोगी असे पाणी साधारण १०० ते १५० मिलिमीटर साठते, असे धरू. आपल्या वरच्या भागात माती ४० सेंटीमीटर धरली, तर साठा ४० ते ६० मिलिमीटर. दाट, हिरवी वाडी ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी सहज उडवते. दहा ते वीस दिवसांत साठा संपला! दगडांच्या फटींत शिरलेली मुळे आणखी थोडे मिळवतात, पण आपली पानगळ ऑक्टोबरच्या अखेरीस का येते, हे या हिशेबातून कळते. विरळणीने हा खर्च कमी होईल, साठा मात्र तेवढाच राहील. म्हणून वरच्या भागात एकरी अडीचशे भरदार सागाची अपेक्षा ठेवू नये. तेथे विरळणीबरोबर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे) काढावेत, तोडलेल्या फांद्या बारीक तुकडे करून उताराला आडव्या, जमिनीला टेकतील अशा पसराव्यात. उभ्या ढिगाला आग लवकर धरते. जमिनीला टेकलेले तुकडे पावसात भिजून वाळवीच्या मदतीने कुजतात. वणव्याची भीती खरी आहे, तिच्यासाठी संपूर्ण वाडी झाडण्यापेक्षा सीमेवर तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, स्वच्छ ठेवावी.

खालच्या काळ्या मातीची गोष्ट निराळी आहे. ही माती पाणी भरपूर धरते, पण ते इतके घट्ट धरते की सगळे मुळांना मिळत नाही. सुकताना ती आकसते, भेगांमध्ये बारीक मुळे तुटतात आणि भेगेच्या भिंतींमधून खोलवरचा ओलावाही उडतो. उलट ऑगस्टमध्ये तिच्यात पाणी तुंबते आणि सागाला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. झाडे कमी केल्यावर पावसाळ्यात तेथील तुंब वाढू शकते. तेव्हा खाली विरळणी करण्याआधी पाण्याचा निचरा पाहावा, आणि ओल्या काळ्या मातीवर ट्रॅक्टर-ट्रॉली कधीही घालू नये. एका खेपेने दाबली गेलेली माती लवकर सुटत नाही.

कॅलिफोर्नियाचा दाखला मी तिकडच्या परिस्थितीसकट वाचते. तेथे पाऊस आणि हिम हिवाळ्यात पडते, उन्हाळा कोरडा जातो, आणि बहुतेक झाडे सदाहरित सूचिपर्णी असतात. विसाव्या शतकात आगी सतत विझवत राहिल्याने ती वने पूर्वीपेक्षा फार दाट झाली, दुष्काळात झाडांची राळ आटली आणि सालीखालच्या भुंग्यांनी पाँडेरोसा पाइनचा फडशा पाडला. आपला साग पाने टाकून तग धरतो, ही सोय त्या पाइनला नाही. समान धागा एकच आहे, मर्यादित साठा आणि त्यावरची गर्दी. आणि एक सावधगिरी तिकडूनच शिकण्यासारखी आहे. अमेरिकेतच मिनेसोटातील लाल पाइनच्या वनात असे दिसले की फार विरळ ठेवलेली झाडे वयाने वाढल्यावर, त्यांचा पर्णसंभार मोठा झाल्यावर, दुष्काळाला अधिक बळी पडतात. झाडाला मोठे होऊ दिले की त्याची तहानही मोठी होते.

आपल्या भावाच्या म्हणण्यात तथ्य आहे, एवढे मी नक्की सांगेन. विरळणी करून जमीन आजच्यासारखी उघडी ठेवली, तर त्यांची भीती खरी ठरेल.

जानापाव

मी महूजवळ शेती करतो. माझा अनुभव लिहितो, कारण चुका मी केलेल्या आहेत. २०१३ च्या फेब्रुवारीत मी माझ्या एक एकर सागाची विरळणी ठेकेदारावर सोपवली आणि स्वतः उभा राहिलो नाही. त्याने जाड झाडे नेली, दबलेली ठेवली. ती दबलेली झाडे मोकळीक मिळूनही फारशी भरली नाहीत. त्यांच्या खोडांवर मात्र सगळीकडे बारीक फांद्या फुटल्या. प्रकाश आत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गवत कमरेएवढे आणि घाणेरी त्याहून उंच वाढली. पुढच्या एप्रिलमध्ये तेच गवत पेटले.

त्यानंतर २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे देशभर पाऊस कमी झाला, सरासरीपेक्षा अनुक्रमे १२ आणि १४ टक्के. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. विहिरीकडच्या पट्ट्यात मी फुटवे खुडले होते, घाणेरी मुळासकट काढून तेथेच अंथरली होती. त्या पट्ट्यातील सागाने नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत पाने धरली. उरलेल्या भागात, जेथे फुटवे आणि गवत माजले होते, तेथे दिवाळीलाच वाडी पिवळी पडली. झाडांची संख्या दोन्हीकडे सारखीच होती. ताई, तोडण्याचा खर्च आपण एकदाच करतो, पण त्यानंतर तीन वर्षांच्या निंदणीची मजुरी आधीच बाजूला काढून ठेवावी. ती नसेल तर विरळणी एक वर्ष पुढे ढकललेली बरी.

मधल्या मोकळ्या जागेत थोडा धावडा, अंजन, सलई येऊ द्यावी, असे मला वाटते. मुरमावर हीच झाडे आमच्याकडे सागापेक्षा सुखाने जगतात. आमच्या डोंगरावर ती आपली आपण उगवतात, फक्त गुरांपासून राखावी लागतात.

सागवाडी_सिमरोल

रविवारी भावाला बरोबर घेऊन वाडीत गेले. पडलेल्या झाडाचा काप काढला, घासून ओला केला आणि आम्ही दोघांनी वेगवेगळी वलये मोजली. गाभ्याकडील पहिली नऊ वलये शेंगदाण्याच्या रुंदीची आहेत. दहाव्यापासून ती एकदम आवळत जातात. २०१४ आणि २०१५ ची वलये बाजरीच्या दाण्याएवढी भरली, ते अपेक्षितच होते. परंतु २०१९ मध्ये आपल्याकडे पाऊस धो-धो पडला होता, भावाला ते वर्ष चांगले आठवते, आणि त्या वर्षीचे वलयही तेवढेच बारीक आहे, म्हणजे वाढ केवळ पावसाअभावी आवळली नव्हती. ते पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानेच बांधालगतच्या झाडाचा घेर पुन्हा मोजला.

शेंडे वाळलेल्या झाडांपैकी पंचवीस झाडांवर ओरखडा काढून पाहिला. सतरा झाडे खाली हिरवी निघाली. वरच्या भागात तीन ठिकाणी खड्डे घेतले. एका ठिकाणी ४५ सेंटीमीटर माती मिळाली, दोन ठिकाणी ३० सेंटीमीटरलाच दगड लागला. उतारावरच्या दोन झाडांची मुळे चार-चार बोटे उघडी पडली आहेत, हे इतक्या वर्षांत प्रथमच आमच्या लक्षात आले.

राखणदाराला यंदा पाला न जाळता सीमेवर जाळरेषा काढण्यास सांगितले आहे. तो तयार झाला, पण मार्च-एप्रिलमध्ये रात्री वाडीत झोपायला आणखी एक माणूस हवा असे म्हणाला, आणि ते रास्तच आहे. खसऱ्याची नक्कल काढायला दिली आहे. परवानगी जानेवारीपर्यंत मिळाली तर आधी फक्त खालच्या भागात, निचऱ्याचा चर काढून, एक तृतीयांश झाडे काढू. वरच्या भागात यंदा चर आणि पाचोळा एवढेच, आणि पूर्ण मेलेल्या झाडांखेरीज काहीही तोडायचे नाही. साजाकाका, खुणा करण्याच्या दिवशी आपण वाडीत आलात तर फार बरे होईल. बाबांनी लावलेल्या झाडांतून कोणती ठेवायची, हे एकटीने ठरवायला मन धजत नाही.